मल्टिलेव्हल, एसईएम की प्रोपेन्सिटी स्कोअर? आधी घर कुणाचं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: "मी समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय आहे मराठवाड्यातल्या बालविवाहांची कारणं. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी) चा डेटा घेतला आणि एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर ची-स्क्वेअर आणि लॉजिस्टिक रिग्रेशन केलं. शिक्षण, संपत्ती निर्देशांक, जात, गाव की शहर, सगळंच सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग वाटत नाही असं) आलं. आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) बैठकीत सांगितलं की पद्धत फार साधी आहे. मल्टिलेव्हल, एसईएम (स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल, कारण-परिणामांचे बाण मांडणारं) किंवा प्रोपेन्सिटी स्कोअर असं काहीतरी अ‍ॅडव्हान्स्ड लावा. माझं गणित बारावीनंतर सुटलंय. यातलं काय शिकू?"

तिन्ही पद्धती शिकण्यासारख्या आहेत, पण तुम्ही विचारताय त्या प्रश्नाला तिन्हींचा फारसा उपयोग नाही. तुम्हाला लागणार आहे ती चौथीच पद्धत, आणि कमिटीने तिचं नाव घेतलेलं दिसत नाही. तिच्याकडे येतेच. त्याआधी तुमच्या डेटातल्या एका ओळीकडे नीट बघू, कारण खरी अडचण तिथे आहे.

एनएफएचएसच्या स्त्रियांच्या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक स्त्री. समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली २३ वर्षांची विवाहित स्त्री. लग्न सोळाव्या वर्षी, शिक्षण आठवी, घराचा संपत्ती निर्देशांक खालून दुसऱ्या गटात. तुमचं रिग्रेशन या ओळीतून शिकतं की गरीब घर असलं की मुलीचं लग्न लवकर होतं. आता विचारा, हे घर कुणाचं? पाहणीची माणसं २०१९ मध्ये दारात आली तेव्हा ती सात वर्षं सासरी नांदत होती. ज्या टीव्ही, संडास, गॅस, दुचाकी, भिंती-छपरावरून निर्देशांक काढला ते सगळं सासरचं. सोळाव्या वर्षी तिला उजवायचा निर्णय झाला माहेरी, आणि माहेरच्या जमिनीबद्दल, कर्जाबद्दल, बापाच्या शिक्षणाबद्दल त्या ओळीत अवाक्षर नाही.

पुढची ओळ २३ वर्षांच्याच अविवाहित मुलीची असेल. तिच्यापुढे नोंदलेला निर्देशांक मात्र माहेरचाच. म्हणजे एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी भरल्या गेल्यात, आणि कुठली गोष्ट भरली जाईल ते ठरतंय लग्न झालं की नाही यावरून. जे समजावून सांगायचंय त्यावरच कारणाचा अर्थ अवलंबून, अशी ही गंमत आहे. एवढ्या डेटावरून तुम्ही फार तर असं लिहू शकता की लवकर लग्न झालेल्या स्त्रिया गरीब सासरी जास्त आढळतात. विधान खरं आहे, पण ते कारण नाही.

गावाचंही तेच. मल्टिलेव्हल मॉडेल लावलंत की स्त्रिया पहिल्या पातळीवर आणि गाव दुसऱ्या पातळीवर येईल. गावागावांतला फरक किती, याचा आकडा झकास निघेल. पण ते गाव सासरचं. आपल्याकडे मुलगी सहसा गावाबाहेर दिली जाते, त्यामुळे ज्या गावाच्या शाळेने, रस्त्याने, लोकलाजेने तिचं लग्न ठरवलं ते गाव नमुन्यात आलेलंच नाही. शिक्षणाची गोष्ट आणखी वेगळी. आठवीत शाळा सुटली म्हणून लग्न झालं, की लग्न ठरलं म्हणून शाळा सुटली? फाइल एवढंच सांगते की शिक्षण आठवी. क्रम कळत नाही. गावातली शाळा सातवी-आठवीलाच संपत असेल तर तिसरीही शक्यता उरते.

या गोष्टी कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाहीत. म्हणून मी विद्यार्थ्यांना पद्धतीचं नाव घेण्याआधी तीन प्रश्न कागदावर लिहायला लावते: ही ओळ कुणाची, कधी नोंदली, आणि फाइलमध्ये यायचं राहिलेलं कोण. निम्मे सिनॉप्सिस इथेच बदलतात.

आता 'सगळंच सिग्निफिकंट' बद्दल. माझी पहिली शंका तुमच्या वयोगटावर आहे. बहुधा तुम्ही १५ ते ४९ च्या सगळ्या स्त्रिया घेतल्या असाव्यात. तसं असेल तर ४५ वर्षांच्या बाईचं १९९० च्या आसपासचं लग्न आणि काल-परवाचं लग्न एकाच ढिगात आलं. त्यात १५ वर्षांची अविवाहित मुलगी 'बालविवाह नाही' या खान्यात बसली. तिचं लग्न पुढच्या महिन्यात असू शकतं! तिची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. संख्याशास्त्रात याला सेन्सॉरिंग म्हणतात. म्हणूनच अधिकृत आकडा २० ते २४ वयाच्या स्त्रियांवर काढतात, कारण त्या सगळ्यांनी अठरा ओलांडलेली असतात. एनएफएचएस-५ मध्ये तो महाराष्ट्रासाठी २१.९ टक्के आहे, देशासाठी २३.३. त्याआधीच्या फेरीत महाराष्ट्राचा २६.३ होता.

दुसरी शंका नमुन्याच्या रचनेवर. एनएफएचएस म्हणजे मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून निवडलेल्या सुट्या स्त्रिया नाहीत. आधी गावं किंवा शहरातले गणना-गट निवडले, मग प्रत्येकात २२ घरं. एका गावातल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे दहा स्त्रियांकडून दहा जणींइतकी माहिती मिळत नाही. एसपीएसएसच्या साध्या मेनूतून चालवलेल्या रिग्रेशनला हे माहीत नसतं. ते प्रत्येकीला स्वतंत्र धरतं आणि स्टँडर्ड एरर (अंदाज किती डगमगू शकतो याचं माप) खरा असायला हवा त्यापेक्षा लहान दाखवतं. म्हणून तक्त्यात सिग्निफिकन्सचे तारे चमकतात. त्यासाठी फाइलमध्ये तीन रकाने दिलेले आहेत: व्ही००५ म्हणजे भारांक, जो दहा लाखांनी भागून वापरायचा; व्ही०२१ म्हणजे क्लस्टर; आणि स्तरांसाठी व्ही०२२ किंवा व्ही०२३, कुठला ते त्या फेरीच्या माहितीपत्रकात बघून. ते सॉफ्टवेअरला सांगायला स्टाटात एसव्हीवायसेट ही आज्ञा, आर मध्ये सर्व्हे नावाचं पॅकेज, एसपीएसएसमध्ये कॉम्प्लेक्स सॅम्पल्स. नुसता भारांक लावून क्लस्टर विसरणं ही सर्रास दिसणारी गफलत आहे. त्याने टक्केवारी बरोबर येते, पण तिच्यावरचा विश्वास चुकीचा.

हे किती फरक पाडतं ते हाताने काढून बघा, गणिताची भीती तिथेच जाते. महाराष्ट्रात ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, जिल्हे ३६. म्हणजे जिल्ह्याला साधारण ९४०. त्यात २० ते २४ वयाच्या एक षष्ठांश धरल्या तर जिल्ह्याला दीडशेच्या आसपास. एका क्लस्टरमध्ये अशा चारेक. एका गावातल्या स्त्रियांमधला सारखेपणा ०.१५ मानला, तर डिझाइन इफेक्ट (या सारखेपणामुळे अनिश्चितता किती वाढते तो आकडा) होतो १ अधिक ३ गुणिले ०.१५, म्हणजे १.४५; ३ म्हणजे चारमधून एक वजा. प्रमाण ४५ टक्के असेल तर १५० जणींवरचा साधा स्टँडर्ड एरर सुमारे ४.१ टक्के, १.४५ च्या वर्गमुळाने गुणल्यावर ४.९. ९५ टक्के विश्वासाची कक्षा निघते ४५ च्या खाली-वर साडेनऊ टक्के. म्हणजे ३५ पासून ५५ पर्यंत काहीही! परभणी आणि बीड दोन्ही जिल्हे एनएफएचएसच्या जिल्हावार फॅक्टशीटमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर आहेत, आणि कोण 'पहिला' याच्या बातम्या दरवेळी होतात. या कक्षा बघितल्या की त्या क्रमवारीवर थीसिसमधलं एक पानही खर्च करावंसं वाटणार नाही.

आकडे हलतात म्हणून काही जण थेट जिल्ह्यांच्या सरासऱ्यांवर काम करतात. ३६ जिल्हे, एका अक्षावर साक्षरता, दुसऱ्यावर बालविवाह, सहसंबंध काढला की झालं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनने १९५० मध्येच याचा निकाल लावून ठेवलाय. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे ०.५३ होता, म्हणजे स्थलांतरित जास्त तिथे निरक्षर कमी. व्यक्तींच्या पातळीवर तोच सहसंबंध अधिक ०.१२. स्थलांतरित माणसं मुळातच साक्षर राज्यांत जाऊन राहिली होती, एवढंच. जिल्ह्यांचा आलेख जिल्ह्यांबद्दल बोलतो. मुलींबद्दल बोलायला मुलींचा डेटा लागतो.

आता चौथी पद्धत. तिला सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस किंवा इव्हेंट हिस्टरी म्हणतात. तिचे पायाभूत लेख कॅप्लान आणि मायर यांचा १९५८ चा, कॉक्स यांचा १९७२ चा. नावावरून ती वैद्यकातली वाटते, आणि तिथे ती मृत्यूसाठी वापरतातही. पण 'घटना कधी घडली, आणि काहींच्या बाबतीत अजून घडलेली नाही' असा आकार असलेल्या कुठल्याही प्रश्नाला ती चालते: लग्न, पहिलं मूल, शाळा सुटणं, स्थलांतर. तुमच्यासाठी तिचं सोपं रूप पुरेसं आहे, वर्षावर्षाच्या ओळींचं, ज्याला डिस्क्रीट-टाइम हॅझार्ड मॉडेल म्हणतात. ते शिकायला लॉजिस्टिक रिग्रेशनपलीकडचं गणित लागत नाही.

फाइल अशी मांडायची. एक मुलगी २२ वर्षांची, लग्न सतराव्या वर्षी. तिच्या बारापासून सतरापर्यंत सहा ओळी करा. पहिल्या पाच ओळींत 'या वर्षी लग्न झालं का' या रकान्यात ०, सहाव्या ओळीत १. तिथे तिच्या ओळी थांबतात. दुसरी १९ वर्षांची, अविवाहित. एकोणिसावं वर्ष अजून पुरं व्हायचंय, म्हणून तिच्या बारापासून अठरापर्यंत सात ओळी, सगळ्यांत ०. आता ती 'बालविवाह नाही' असं खोटं बोलत नाही, फक्त तिने जगलेल्या सात वर्षांची साक्ष देते. मग या सगळ्या ओळींवर लॉजिस्टिक रिग्रेशन चालवा, वयाच्या प्रत्येक वर्षासाठी वेगळा डमी, म्हणजे ०/१ चा रकाना, ठेवून. जे मिळेल ते असं वाचायचं: आतापर्यंत लग्न न झालेल्या मुलीचं या वर्षी लग्न होण्याची शक्यता. स्टँडर्ड एरर आधीसारखेच क्लस्टर धरून.

या मांडणीचा खरा फायदा पुढे आहे. ओळ आता वर्षाची झाल्यामुळे त्या वर्षी घडलेली गोष्ट तिच्यापुढे लिहिता येते. २०१९ मध्ये १५ ते २४ वर्षांच्या असलेल्या मुली बारा ते सतरा या वयात होत्या तो काळ २००७ पासून पुढचा. मराठवाड्यात त्यात २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही पावसाने दगा दिलेली वर्षं येतात. हवामान खात्याचा जिल्हावार पाऊस घ्या. त्या जिल्ह्याच्या स्वतःच्या दीर्घकालीन नोंदींत तळाच्या १५ टक्क्यांत बसणाऱ्या वर्षाला दुष्काळी म्हणा, आणि प्रत्येक ओळीपुढे त्या जिल्ह्यातलं ते वर्ष दुष्काळी होतं का ते भरा. पाऊस कुणाच्या लग्नामुळे पडत नाही की राहत नाही, त्यामुळे उलट्या कार्यकारणाची भानगड इथे संपते. सासर-माहेरचा घोळही बराच निवळतो, कारण गाव बदललं तरी सोयरीक बहुधा जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात होते आणि पाऊस तेवढा वेगळा नसतो. बराच निवळतो म्हणतेय, पुरता नाही. तशी नोंद थीसिसमध्ये करा.

याच वळणाचं एक मोठं काम झालेलं आहे. कॉर्नो, हिल्डेब्रांट आणि वोएना यांचा इकॉनोमेट्रिका या अर्थशास्त्राच्या नियतकालिकातला २०२० चा लेख. त्यांना दिसलं की सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दुष्काळी वर्षी मुलींची लवकर लग्नं वाढतात, आणि भारतात कमी होतात. कारण पैशाची दिशा. तिथे मुलाकडचे पैसे देतात, म्हणून अडचणीतला बाप मुलीचं लग्न उरकतो. इथे हुंडा द्यावा लागतो, म्हणून तो लग्न पुढे ढकलतो. आता मराठवाड्यात कुणालाही विचारा, उलटंच ऐकायला मिळेल: दुष्काळ पडला की लग्नं लवकर होतात. त्यामागचं स्पष्टीकरणही तयार असतं. ऊसतोडीला कोयता लागतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. मुलगी मागे एकटी कुणाकडे ठेवायची हाही प्रश्न असतो. मग बीडमध्ये दुष्काळाचं चिन्ह अधिक येतं की उणे? देशाच्या सरासरीहून इथली दिशा वेगळी आहे का? हा पीएचडीचा प्रश्न आहे. कमिटीला जे हवंय ते यातच आहे, एसईएमच्या चित्रात नाही.

दोन खाचखळगे आधीच सांगून ठेवते. पाऊस जिल्ह्याच्या पातळीवर बदलतो, म्हणून स्टँडर्ड एररही जिल्हा धरून काढावा लागेल, आणि मराठवाड्यात जिल्हे आठच. आठ क्लस्टरवर नेहमीची सूत्रं फसवतात. सगळा महाराष्ट्र घ्या, आणि त्यात मराठवाड्यासाठी वेगळा परिणाम तपासा. शिवाय क्लस्टर थोडे असताना स्टँडर्ड एरर तपासायला वापरतात तो वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप शिकून घ्या, तो कोडच्या दोन ओळींत चालतो. पालघर ठाण्यापासून १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, जिल्हावार पाऊस भरताना तेवढं सांभाळा. दुसरं, एनएफएचएसमध्ये ऊसतोडीला जाता का असा प्रश्नच नाही. उलट राज्यातलं फील्डवर्क २०१९ च्या जून ते डिसेंबर चाललं आणि दिवाळीनंतर तोडणीची कुटुंबं गाव सोडतात. तुमच्या जिल्ह्यांतल्या मुलाखती कुठल्या महिन्यात झाल्या ते व्ही००६ मध्ये आहे. हंगाम सुरू झाल्यानंतरच्या मुलाखती जास्त निघाल्या, तर ज्यांच्यासाठी अभ्यास चाललाय तीच घरं कुलूपबंद होती असं समजा.

वयाच्या आकड्याकडेही संशयाने बघा. अठराच्या आतलं लग्न बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाच्या वयाचा साधा हिस्टोग्राम काढा. अठराला अचानक सुळका दिसला तर काही सतरा तिथे जाऊन बसलेत. नमुना मोठा करून हे जात नाही. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि महालनोबिस यांचा पीककापणीच्या प्लॉटवरून झालेला वाद याच जातीचा होता. सुखात्म्यांनी दाखवलं की फार लहान प्लॉट घेतला की काठावरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं, मग तसे कितीही प्लॉट घ्या. सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या या माणसाचं काम आपल्याकडच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात एका ओळीत उरकतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

उरलेल्या तीन पद्धतींबद्दल, कारण बैठकीत तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.

मल्टिलेव्हल मॉडेल तुमच्याकडे एका ठिकाणी खरोखर कामाचं आहे: जिल्ह्यांचे ते डगमगते आकडे सावरायला. ज्या जिल्ह्याचा नमुना लहान त्याचा अंदाज ते राज्याच्या सरासरीकडे थोडा ओढून घेतं, मोठ्या नमुन्याच्या जिल्ह्याला जवळपास हात लावत नाही. नकाशा काढायचा असेल तर हा वापरा. गावपातळीचा व्हेरिअन्स (गावागावांतल्या फरकाचं माप) मात्र 'गावाचा प्रभाव' म्हणून विकू नका. कारण वर आलंय. आणि तो सांगायचाच झाला तर लॉजिस्टिकमध्ये कसा वाचायचा ते माहीत असू द्या. व्हेरिअन्स ०.६ आला, तर ०.६ भागिले (०.६ अधिक ३.२९), म्हणजे साधारण १५ टक्के फरक गावांमधला. ३.२९ हा पायच्या वर्गाचा तिसरा हिस्सा, लॉजिस्टिक वितरणाचा ठरलेला व्हेरिअन्स.

इथेच ऑड्स रेशोचं एक बोलून घेते, कारण थीसिसांमध्ये सगळ्यात जास्त चुकीची वाक्यं याच्यामुळे लिहिली जातात. एका गटात ६० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. ऑड्स, म्हणजे होण्याची शक्यता भागिले न होण्याची, १.५ आणि ०.६७, रेशो २.२५. लगेच लिहिलं जातं की पहिल्या गटात शक्यता सव्वादोन पट. शक्यता दीडपटच आहे! घटना दुर्मीळ असेल तर दोन्ही जवळजवळ येतात, बालविवाह मराठवाड्यात दुर्मीळ नाही. शिवाय मॉडेलमध्ये नवे व्हेरिएबल घातले की ऑड्स रेशो आपोआपही हलतो, त्यांचा आधीच्यांशी काही संबंध नसला तरी. म्हणून मॉडेल एक, दोन, तीन अशा रकान्यांतले ऑड्स रेशो शेजारी ठेवून 'संपत्ती घातल्यावर जातीचा परिणाम कमी झाला' असं लिहिणं धोक्याचं. सरासरी मार्जिनल इफेक्ट, म्हणजे कारण बदललं की शक्यता सरासरी किती बदलते ते, काढा, टक्क्यांच्या फरकात बोला. वाचणाऱ्यालाही तेच कळतं.

एसईएमची आपल्या विद्यापीठांत क्रेझ आहे, कारण अमोस या सॉफ्टवेअरमध्ये बाण ओढता येतात आणि चित्र छान दिसतं. बाण तुम्ही ओढलेला असतो. डेटा फक्त सांगतो की या बाणांशी माझं भांडण नाही. बाण उलटा केला तरी फिट इंडेक्स (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचा आकडा) अनेकदा तोच राहतो. स्वतःची प्रश्नावली असेल, मनोवृत्ती मोजायची असेल तर एसईएम आणि त्याआधीचं, प्रश्नांचे गट पाडणारं फॅक्टर अ‍ॅनालिसिस जरूर शिका. तिथेही 'क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.८ च्या वर, म्हणून स्केल उत्तम' हे पाठ करून येऊ नका. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध जेमतेम ०.२ असला तरी पाच प्रश्नांचा अल्फा ०.५६ येतो, दहाचा ०.७१ आणि वीस प्रश्नांचा ०.८३. नुसते प्रश्न वाढवले! किती फॅक्टर घ्यायचे ते 'एकपेक्षा मोठी आयगेनव्हॅल्यू' या ठरीव नियमावर न सोडता, यादृच्छिक डेटाशी तुलना करणाऱ्या पॅरलल अ‍ॅनालिसिसने ठरवा.

प्रोपेन्सिटी स्कोअर रोझेनबॉम आणि रुबिन यांचा, १९८३ चा. दोन गटांतल्या सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या जोड्या लावून तुलना करायची. दिसणाऱ्या हे महत्त्वाचं. जे नोंदलेलं नाही त्यावर ही पद्धत जोडी लावू शकत नाही, आणि तुमच्याकडे न नोंदलेलं म्हणजे अख्खं माहेर. रिग्रेशन जिथे अडतं तिथेच हीही अडते, फक्त नाव भारदस्त.

पद्धत भारदस्त नसली तरी पुरावा पक्का कसा असतो, याचं मुंबईतलंच उदाहरण आहे. महापालिकेच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव वॉर्ड सोडतीने ठरले. रिखिल भावनानी यांनी १९९७ ला राखीव असलेले पण २००२ ला खुले झालेले वॉर्ड आणि दोन्ही वेळी खुले असलेले वॉर्ड यांची तुलना केली. आधी राखीव राहिलेल्या वॉर्डातून, आरक्षण उठल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. सगळं काम टक्केवारीच्या फरकावर. चिठ्ठीने वॉर्ड निवडले गेले, म्हणून दोन गटांत दुसरा पद्धतशीर फरक असायचं कारणच नव्हतं. मॉडेलचं निम्मं काम सोडतीने करून ठेवलं होतं. सोडत नसेल तर डिफरन्स-इन-डिफरन्सेस, म्हणजे एका गटातल्या फरकातून दुसऱ्या गटातला फरक वजा करणं. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या, त्यावर मुरलीधरन आणि प्रकाश यांनी मुली-मुलगे, मोठ्या-लहान वयाचे आणि बिहार-झारखंड अशी तिहेरी तुलना केली. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तुम्ही बालविवाहावर काम करताय, तेव्हा हा लेख ओळ न् ओळ वाचा. विशेषतः शाळा तीन किलोमीटरच्या पुढे असलेल्या गावांतच परिणाम कसा एकवटलाय तो भाग.

शिकण्याबद्दल. आर फुकट आहे, तेच धरा. क्रम असा ठेवा: सर्व्हे पॅकेजवर फॅक्टशीटमधला २१.९ हा आकडा स्वतः काढून दाखवा. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. तो जुळवताना वयोगट, भारांक, राज्य सगळं चुकून चुकून बरोबर होतं. मग वर्षावर्षाच्या ओळींची फाइल, मग पाऊस. पैसे घेऊन चॅप्टर फोर, म्हणजे थीसिसमधलं डेटा विश्लेषणाचं प्रकरण, करून देणारे विद्यापीठाबाहेर बोर्ड लावून बसलेले असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. व्हायव्हाला तुम्हाला एकटीला बसायचं असतं.

आरएसीला एवढं लिहून द्या: विवाहाच्या वयात सेन्सॉरिंग असल्यामुळे डिस्क्रीट-टाइम हॅझार्ड मॉडेल, गुंतागुंतीच्या नमुन्याची रचना धरून, दुष्काळ हा बाहेरून येणारा धक्का, घरगुती संपत्ती आणि गाव हे लग्नानंतरचे असल्याने कारण म्हणून वगळले. जात ठेवायला हरकत नाही, लग्न बहुतेक जातीतच होतं, त्यामुळे सासरची नोंद माहेरला लागू पडते. यावर 'हे अ‍ॅडव्हान्स्ड नाही' असं कुणी म्हणणार नाही.

आणि माहेर हवंच असेल तर दोन वाटा आहेत. एक, आयएचडीएस, म्हणजे एनसीएईआर ही दिल्लीची संशोधन संस्था आणि मेरीलँड विद्यापीठ यांची भारत मानव विकास पाहणी. २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबं आणि २०११-१२ मध्ये त्यांतली ८३ टक्के पुन्हा. पहिल्या फेरीत अविवाहित असलेल्या मुलीचं घर म्हणजे माहेर, आणि ते लग्नाआधी नोंदलेलं. मराठवाड्यापुरता नमुना छोटा पडेल, पण राज्य किंवा देश घेऊन दिशा तपासता येईल. दुसरी वाट तुमची स्वतःची. तोडणीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या गावांत छोटी पाहणी करा, आणि प्रत्येक विवाहितेला लग्न ठरलं त्या वर्षीचं विचारा: माहेरी जमीन किती, बागायत की कोरडवाहू, बाप कुठवर शिकला, त्या वर्षी उचल घेतली होती का, शाळा आधी सुटली की सोयरीक आधी आली, हायस्कूल किती लांब. 'सोयरीक' हाच शब्द प्रश्नावलीत ठेवा, 'विवाह निश्चिती' नको. हंगाम संपून माणसं एप्रिलपर्यंत परततात. मे महिन्याचा बराचसा काळ लग्नसराईत घरं रिकामी सापडतात, जूनमध्ये पेरणीची घाई. मेच्या शेवटच्या आठवड्यात गाव धरा, आणि सासू शेतावर गेलेली असेल अशी वेळ बघून जा.